भेगेवरची काच

जमीन हलली तेव्हा मी चहा गाळत होते, आणि पहिली शिवी शेजारच्या बिल्डरला घातली. बरकतपुऱ्यातल्या आमच्या घराला लागून एक जुना बंगला होता. तो पाडून तिथे तळघरासाठी खड्डा खणणं चाललं होतं. हैदराबादेत खड्डा खणायचा म्हणजे माती उपसायची नसते, खडक फोडायचा असतो. सकाळपासून धडधड सुरू व्हायची, कपाटातल्या बश्या वाजायच्या, परेशान करून सोडलं होतं. त्या थंडीतल्या सकाळी हातातलं गाळणं हललं तशी मी खिडकीतून ओरडले, "अरे, ऊन तरी वर येऊ द्या मेल्यांनो!"

खड्ड्यात कुणीच नव्हतं. मशीन बंद होतं. गल्लीतली माणसं मात्र लुंगीवर, नाइटीवर बाहेर येऊन उभी होती आणि खालून माझे धाकटे दीर हाका मारत होते, "वहिनी, दादाला घेऊन खाली या! भूकंप आहे, भूकंप!"

दादाला घेऊन खाली या म्हणे! हे काय हातात धरून नेण्याचं तपेलं आहे? आमचे हे हायकोर्टात वकिली केलेले, आवाजाने अख्खं कोर्ट हलवणारे. पण अर्धांगाचा झटका येऊन गेल्यापासून त्यांची डावी बाजू कमजोर झालेली. घरात चार पायांची काठी टेकत टेकत हिंडायचे तेवढंच. आम्ही वरच्या मजल्यावर, दीर खालच्या. जिना बाहेरून, अरुंद, चढा, मध्ये एक वळण. कोठी भागातल्या डॉक्टरांकडे जायचं असलं की एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने दीर, अशी वरात निघायची. त्या सकाळी हे खुर्चीतच बसून राहिले. "मी दरवाज्यापर्यंत पोचेन तोवर भूकंप संपलेला असेल," म्हणाले आणि हसले. मी त्यांच्या खुर्चीला धरून उभी राहिले. धक्का तोवर खरंच संपला होता. खाली लोक चहाच्या गाड्यावर जमून कुणाचा पलंग किती हलला याच्या गप्पा मारत होते, आणि हे खिडकीतून बघत होते.

टीव्हीवर सांगितलं, धक्का तिकडे गोदावरीच्या खोऱ्याकडचा, इथे नुसता जाणवला. मी भूगोल शिकवण्यात उभी हयात घालवलेली बाई, मला त्यात नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते संध्याकाळी. दिवाणखान्याच्या भिंतीवर, खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरकी वर छतापर्यंत गेलेली एक भेग होती. बोटाचं नख जाईल एवढी. मी रोज त्या भिंतीसमोर बसून भाजी निवडते. ती भेग आदल्या दिवशी होती का? शपथेवर सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी दीर एका मिस्त्रीला घेऊन वर आले. मी बोलावलं नव्हतं. मिस्त्रीने भेगेवरून हात फिरवला आणि मान हलवली. "अम्मा, बुझा तो देतौं, पन इसका भरोसा नक्को." लगेच दीर म्हणाले, "वहिनी, मी काय म्हणतो, आता घर डेव्हलपमेंटला देऊन टाकू. दोघांना एकेक फ्लॅट मिळेल, लिफ्टचा. तो शेजारचा बिल्डर कधीपासून विचारतोय."

हां! भेग काल दिसली आणि बिल्डर कधीपासून विचारतोय. कुठेतरी पाणी मुरत होतं.

माझा स्वभाव संशयी आहे असं घरात सगळे म्हणतात. म्हणोत बापडे. वर्गात चाळीस पोरांतून शाई कुणी सांडली ते शोधायचं तर भोळेपणाने भागत नाही. माझ्या सासऱ्यांना मात्र त्याचं कौतुक होतं. सरकारी नोकरीत राहून, पै पै जोडून त्यांनी हे घर बांधलं आणि वरचा मजला मुलाच्या नाही, माझ्या नावावर केला. "आमचा मुलगा जगाचे कागद वाचतो आणि स्वतःचे न वाचता सह्या करतो," म्हणायचे. तेव्हा माझ्या सहीशिवाय या घराची वीटसुद्धा हलणार नव्हती. दिरांना ते ठाऊक होतं, बिल्डरला ठाऊक होतं. आणि मला हे घर सोडायचं नव्हतं. साफ सांगते, मरेपर्यंत सोडायचं नव्हतं. मागच्या अंगणात एक मोठा खडक आहे, घराच्याही आधीचा. सासऱ्यांनी तो फोडला नाही, त्याच्यावरच मागच्या खोल्यांचा पाया टाकला. लग्न होऊन आले त्या उन्हाळ्यापासून मी त्या खडकावर कुरडया वाळवल्या आहेत. दुपारी तापलेला तो खडक रात्रीपर्यंत ऊबदार असतो. बिल्डरने त्याचा आधी भुगा केला असता.

शाळेत मी पृथ्वीच्या पोटातला धडा नेहमी दुधावर शिकवायचे. दूध तापवून, निववून पसरट पातेल्यात न्यायचं. वर जाड साय धरलेली असायची. पृथ्वीचं कवच असंच, सलग नाही, तुकड्या-तुकड्यांचं. त्या तुकड्यांना भूपट्ट म्हणतात. मी सायीला दोन बाजूंनी बोटं लावून हळूच ढकलायची. मध्ये सुरकुती उठायची. "हा हिमालय!" आपला तुकडा पार दक्षिणेकडून निघाला, समुद्र ओलांडत आला आणि आशियाला भिडला. तो अजून ढकलतोच आहे, आपली नखं वाढतात तितक्या सावकाश. जिथे पट्ट एकमेकांना भिडतात तिथे डोंगर उठतात, जिथे एकमेकांपासून सरकतात तिथे समुद्राच्या तळाला नवी जमीन तयार होते, आणि एक जिथे दुसऱ्याखाली शिरतो तिथे ज्वालामुखी पेटतात. तास संपला की पोरं हिमालय साखर घालून खाऊन टाकायची.

कुणीतरी हमखास विचारायचं, "बाई, हैदराबाद कुठाय?" मी सायीच्या मध्यावर बोट ठेवायची. इथे, कडेपासून लांब, जुन्या भक्कम खडकावर. इथे काही होत नाही. मग लातूरकडचा भूकंप झाला. आमच्या मराठी शाळेतल्या निम्म्या मुलांचे नातेवाईक तिकडचे. तेव्हापासून मी ते वाक्य तसं म्हणायचं सोडलं. कडेला ढकललेलं मध्यापर्यंत पोचतं, आणि आपल्या या भक्कम खडकाच्या पोटातही कधीच्या जुन्या भेगा झाकलेल्या आहेत. ताण साठत राहतो. वर्षानुवर्षं काही दिसत नाही, आणि मग एखाद्या दिवशी त्यातली एखादी भेग सरकते. लोक म्हणतात, अचानक झालं. अचानक काही होत नाही, एवढंच मी मुलांना शिकवलं.

पण म्हणून काय! इतक्या दूरच्या, चहा हिंदकळण्याइतक्या धक्क्याने आमची भिंत फाटावी? मला ते पटेना. दीर भूकंपाचं नाव पुढे करत होते, मला शेजारच्या खड्ड्याचा संशय होता, आणि भेग मेलेली आहे की जिवंत हे कुणालाच माहीत नव्हतं. मेलेली असली तर लांबी भरून रंग मारायचा, विषय संपला. जिवंत असली, म्हणजे अजून रुंदावत असली, तर घर खरंच चाललं.

ते तपासायची एक जुनी रीत आहे. भेगेवर आडवी काचेची पातळ पट्टी ठेवायची आणि तिची दोन्ही टोकं भिंतीला प्लास्टरने पक्की बसवायची. काच ताणली जात नाही. भेग केसभर जरी उघडली तरी काच तडकते. मी कोठीत शाळेचं सामान विकणाऱ्या दुकानात गेले आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात त्या काचा आणल्या. एक खाली, माझ्या छातीच्या उंचीवर लावली, एक तिच्या वर, आणि एक स्टुलावर चढून पार छताजवळ. हे खुर्चीतून बघत होते.

"पडशील," म्हणाले.

"पडले तर भूकंपाने पडले म्हणा. तुमच्या भावाला आवडेल."

"त्याच्यावर कशाला घसरतेस? तो बिचारा माझ्याशी बुद्धिबळ खेळायला येतो रोज."

"हो ना. बुद्धिबळच खेळतोय तो."

हे खिशातून अडकित्ता काढून सुपारी कातरत बसले.

काही दिवस काचा सलामत होत्या. मी रोज सकाळी दिवा लावला की आधी देवाला आणि मग काचांना बघायची. मग एका दुपारी चिक्कडपल्लीच्या बाजारातून भाजी घेऊन आले, तर खालची काच फुटलेली! दीर यांच्यासमोर पट मांडून बसले होते. "वहिनी, बघितलंत?" म्हणाले. "मी सांगत होतो. भिंत हलतेय." चेहरा इतका गंभीर, की मला हसूच आलं.

मी पिशवी खाली ठेवली आणि चष्मा लावून काचेजवळ गेले. ताणाने तुटलेली काच भेगेच्या रेषेवर तुटते, सरळ. ही तशी तुटली नव्हती. एका जागी ठेच लागून तिथून चहूबाजूंना तडे गेले होते आणि मधला बारीक तुकडा खाली पडला होता. भिंत हलली नव्हती. कुणीतरी काच फोडली होती.

मी ताकास तूर लागू दिली नाही. तिच्या जागी दुसरी काच लावली. पुढच्या आठवड्यात बँकेतून परत येते तो तीही तशीच फुटलेली. तेव्हा मात्र माझा तोल गेला. दीर जिन्यात भेटले, त्यांना म्हटलं, "भावजी, उद्यापासून वर आलात की हात खिशात ठेवत जा."

ते पायरीवरच थांबले. "वहिनी, तुम्ही भूगोल शिकवत होतात की ठाण्यात नोकरीला होतात?"

"दोन्हीकडे चोर पकडावे लागतात."

"अहो, मी कशाला फोडू? मला घर पाडायचं असतं तर सरळ तुमच्याशी भांडलो नसतो का? चाळीस वर्षं भांडतोच आहे की!" त्यांचा आवाज चढला होता आणि डोळ्यात पाणीही आलं होतं. पण डोळ्यात पाणी मी पोरांच्याही पाहिलेलं आहे. मी हलले नाही. ते त्या दिवशी बुद्धिबळ न खेळता तसेच खाली गेले. मग दोनचार दिवस आलेच नाहीत. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं.

आणि मग मी सापळा लावला. त्याच जागी तिसरी काच बसवली, आणि तिच्याखाली फरशीवर बारीक रांगोळी पसरली. पिठासारखी, चाळून घेतलेली, अगदी पातळ. आमची शहाबादी फरशी करडी-पांढरट, लक्ष देऊन पाहिलं नाही तर कळणार नाही. कुणालाच सांगितलं नाही. यांनाही नाही, कारण यांच्या पोटात गोष्ट राहिली तरी चेहऱ्यावर येते. दिरांच्या चपला मला ओळखीच्या होत्या, टाचेला आतून झिजलेल्या. त्यांना खाली जाऊन सांगून आले, की मी बाहेर चालले आहे, दादा एकटे आहेत, जमलं तर वर जा. मग कोपऱ्यावर एका ओळखीच्या बाईंकडे जाऊन बसले. त्यांनी चहा दिला, त्यांच्या सुनेबद्दल काय काय सांगितलं, माझं लक्ष कुठलं!

परत आले. काच फुटली होती. खरं सांगू, मला आनंद झाला. सापडला! मी वाकून फरशी पाहिली.

चपलेचा ठसा नव्हताच. चार ठिपके होते, चौकोनात, एकाच मापाचे. मग एक फरफटलेला पाय. मग परत चार ठिपके, भिंतीच्या अगदी जवळ, जिथे काठी सोडून दिली तरी उभी राहते, आणि उजवा हात मोकळा होतो. तिथून तेच ठिपके परत खुर्चीकडे गेलेले. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

हे खुर्चीत डोळे मिटून बसले होते. झोपलेले नव्हते. माणूस झोपला की यांच्यासारखा श्वास रोखून धरत नाही.

"अहो. काच तुम्ही फोडलीत?"

डोळे न उघडताच म्हणाले, "पुरावा?"

"खाली बघा."

त्यांनी पाहिलं. मोतीबिंदूमुळे दिसेना, म्हणून मी काठी उचलून तिचे पाय दाखवले. चारी रबरांना पांढरं लागलं होतं. त्यांनी खिशातून अडकित्ता काढून टेबलावर ठेवला.

"केस चांगली बांधलीस," म्हणाले.

माझं डोकं भडकलं. "लाज नाही वाटत? मी त्या बिचाऱ्याला चोर ठरवलं! तो चार दिवस वर आला नाही! आणि तुम्ही इथे सुपारी खात बसलात? का? सांगा ना, का?"

"मला खाली जायचंय गं," ते म्हणाले.

मला आधी कळलंच नाही. म्हटलं, "आत्ता?"

"आत्ता नाही. रोज. दोन वर्षं झाली, रस्त्याला पाय लागलेला नाही माझा. डॉक्टरकडे जातो ते गादी उचलून न्यावी तसा. त्या दिवशी जमीन हलली ना, सगळी गल्ली खाली होती. मरणाची भीती नाही वाटली मला. पण ते सगळे गाड्यावर चहा पीत हसत होते, आणि मला वाटलं, मी यांच्यातून कधीच गेलो आहे, फक्त कुणाला कळवलेलं नाही."

"मग मला सांगायचं होतं!"

"सांगितलं असतं तर काय म्हणाली असतीस?"

'भावजींनी शिकवलंय तुम्हाला,' असंच म्हणाले असते.

"तुला पुराव्याशिवाय काही पटत नाही," ते म्हणाले. "म्हणून म्हटलं, पुरावा करावा. आयुष्यभर खोटे पुरावे उघडे पाडले, तयार करायचा हात नाही. दिसतंच आहे."

मी रडले. रागाने रडले, आणि मग नुसतीच रडले. माझ्या डोळ्यांसमोर हा माणूस दोन वर्षं त्या खिडकीत बसून होता, आणि मी भिंतीकडे बघत होते. तरीही घर सोडायचं मनात येईना. मी म्हटलं, "काहीतरी करू. खालच्या मजल्याचं बोलू भावजींशी. अदलाबदल करू." दिरांच्या घरात बायकोचे सांधे, नातवंडांची ये-जा, ते वर कुठे येणार, हे मलाही ठाऊक होतं. यांनी मान हलवली. "असू दे," म्हणाले. "तू जिंकलीस. भिंत भक्कम आहे. हा विषय संपला." आणि खरंच संपवल्यासारखे खिडकीकडे वळले.

ते तसे वळले ते मला सोसेना. हात रिकामे राहिले तर आणखी रडू येईल म्हणून मी स्टूल ओढलं. कशाला हव्यात आता त्या काचा? सगळ्या काढून टाकायच्या. खालच्या काचेचे तुकडे उचलले. मधली चाकूने सुटी केली, ती धड होती. मग स्टुलावर चढून छताजवळच्या काचेपर्यंत पोचले.

काच तुटलेली होती.

तडे नव्हते, ठेच नव्हती, खालून कधी कळलंही नसतं. बरोबर भेगेवर, एकच सरळ रेष, आणि उजवा अर्धा भाग डाव्यापेक्षा किंचित खाली बसलेला. मी नख फिरवलं, नख अडलं. उजवी बाजू म्हणजे घराचा पुढचा भाग, मातीच्या भरावावर उभा असलेला. डावी बाजू मागची, खडकावरची. वरून कोळ्याने जाळं विणलं होतं, ते तसंच होतं, धुळीसकट. इथवर ना काठी पोचली असती ना अडकित्ता. भूकंपाने, खड्ड्याने, की सासऱ्यांनी पाया टाकला त्या दिवसापासूनच, ते देव जाणे. पण भेग जिवंत होती. मी जिला सगळ्या घराशी भांडून मेलेली ठरवत होते ती माझ्या डोक्यावर गुपचूप सरकत होती.

चाकू हातात धरून मी तशीच उभी राहिले. हे बघणारी मी एकटी होते. भेगेवर चुन्याचा पोचारा मारून गप्प राहिले असते तर आणखी काही वर्षं मी त्या खडकावर कुरडया वाळवल्या असत्या.

"काय झालं?" खालून हे म्हणाले.

"अहो," मी म्हटलं, "वरची काच तुटलीय. खरीखुरी."

त्यांनी मान वर केली. त्यांना त्या अंतरावरून काय दिसणार? ते माझ्याकडे बघत होते, माझ्या हातातल्या चाकूकडे बघत होते, आणि हळूहळू त्यांचा चेहरा असा काही उजळला, तसा मी कित्येक वर्षांत पाहिला नव्हता.

"तू फोडलीस," ते म्हणाले. "माझ्यासाठी? तू? अगं, तू खोटा पुरावा करतेस?" हसताहसता त्यांचे डोळे भरून वाहायला लागले.

माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. नख अडतं ते, जाळं, धूळ, उजवी बाजू, डावी बाजू. फळ्यावर आकृती काढून सिद्ध करून दाखवलं असतं.

"हो," मी म्हटलं. "मीच फोडली. आता रडू नका, आणि भावजींना वर हाक मारा. कुठे सही करायची ते विचारते."